गच्चीवरचा अनुकूली अँटेना ॲरे: उपग्रहाच्या ॲरेचे गणित चार अँटेनांवर कसे करून पाहावे

८३° पूर्व रेखांशावरच्या भूस्थिर उपग्रहावरून खाली पाहिले, तर मुंबई सुमारे ३६,३०० किलोमीटर दूर, पृथ्वीबिंबाच्या मध्यापासून ३.७° बाजूला दिसते, आणि मुंबई-पुण्यातले सरळ रेषेतले सुमारे १२० किलोमीटर अंतर त्या उंचीवरून जेमतेम ०.१८° भरते. पुण्यातल्या एखाद्या डिशवरून चुकून किंवा मुद्दाम मुंबईच्याच वारंवारतेवर प्रसारण सुरू झाले, तर उपग्रहाने मुंबईचे ऐकायचे आणि पुण्याकडे कानाडोळा करायचा, हे काम ठरावीक आकाराच्या एकाच बीमला साधत नाही. त्यासाठी अनेक लहान अँटेनांचा समूह, म्हणजे ॲरे, लागतो. प्रत्येक अँटेनाकडून आलेला संकेत एकेका संमिश्र संख्येने गुणला जातो, त्यामुळे त्याचा आयाम आणि फेज बदलतात, आणि मग सगळ्यांची बेरीज केली जाते. या गुणक संख्यांना भारांक म्हणू या. भारांक आधीच ठरवून न ठेवता येणाऱ्या संकेतांवरूनच पुन्हा पुन्हा काढले जातात, तेव्हा त्या ॲरेला अनुकूली म्हणतात.

अनेक बीम असलेला प्रत्येक उपग्रह अनुकूली असतो, असा एक समज विद्यार्थ्यांमध्ये आढळतो; तो सुरुवातीलाच दूर केलेला बरा. ५ डिसेंबर २०१८ रोजी प्रक्षेपित झालेल्या, ५,८५४ किलो वजनाच्या जीसॅट-११ वर वापरकर्त्यांसाठी ३२ आणि गेटवेसाठी, म्हणजे जमिनीवरच्या मुख्य केंद्रांसाठी, ८ बीम आहेत, परंतु कोणता बीम कोठे पडणार हे तेथे अँटेनाच्या घडणीतच ठरलेले आहे. याउलट ३० जुलै २०२१ रोजी अवकाशात गेलेल्या युटेलसॅट क्वांटमचे बीम कक्षेत असतानाच वळवता येतात, त्यांचा आकार बदलता येतो आणि उपद्रवी प्रसारणाच्या दिशेला खाच पाडता येते, म्हणजे त्या दिशेने येणारे जवळजवळ ऐकूच येत नाही. या लेखात जो प्रयोग करायचा आहे तो या दुसऱ्या जातीचा आहे. त्यासाठी पायथनची बऱ्यापैकी ओळख, इमारतीची गच्ची आणि दोन-तीन रविवार लागतील.

आधी कागदावर

प्रयोगासाठी ८६६ मेगाहर्ट्झ ही वारंवारता घ्यावी. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या, मान्यताप्राप्त उपकरणांसाठी परवान्याविना खुला आहे आणि त्यावर चालणारी लोरा मॉड्यूल, म्हणजे थोड्या शक्तीत छोटी पॅकेटे दूरवर पाठवणारे रेडिओचे तयार संच, सहज मिळतात. उपग्रहाच्या पट्ट्यात प्रसारण करण्याचा विचारही मनात आणू नये. तो गुन्हा आहे, आणि या प्रयोगाला त्याची गरजही नाही.

८६६ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३४.६ सेंटिमीटर येते. शेजारच्या दोन अँटेनांमध्ये अर्धी तरंगलांबी, म्हणजे १७.३ सेंटिमीटर अंतर ठेवले, तर चार अँटेनांची रांग ५२ सेंटिमीटर लांब होते. समोरून, म्हणजे ०° दिशेने, आलेली लाट चारही अँटेनांवर एकाच क्षणी पोहोचते. θ कोनातून आलेली लाट मात्र प्रत्येक पुढच्या अँटेनावर १८०° गुणिले साइन θ इतक्या फेजच्या फरकाने पोहोचते. चार अँटेनांवरच्या या चार फेजांचा संच म्हणजे त्या दिशेची सही. पुढचा सगळा खेळ दोन सह्या एकमेकींपासून किती वेगळ्या आहेत यावर चालतो.

इथे नवशिक्याने हमखास टाळावा असा एक सापळा आहे. हवा असलेला संकेत ०° वर आणि उपद्रवी ३०° वर ठेवण्याचा मोह होतो, कारण साइन ३०° म्हणजे अर्धा आणि आकडे सोपे येतात. पण मग उपद्रवी संकेताचे चार फेज ०°, ९०°, १८०° आणि २७०° असतात, आणि त्यांची नुसती बेरीजही शून्य होते. काहीही अनुकूल न करता खाच मिळते आणि प्रयोग यशस्वी झाल्याचा आनंद फुकट जातो. उपद्रवी ४५° वर ठेवावा. गच्चीवर तो मोजायलाही सोपा: सात मीटर पुढे आणि सात मीटर उजवीकडे. चारही भारांक समान ठेवले तर ४५° वरचा संकेत समोरच्या संकेतापेक्षा फक्त ११.४ डेसिबेलने दबतो. उपद्रवी जवळ असेल किंवा जोरात बोलत असेल, तर एवढ्याने काहीच भागत नाही.

गच्चीवर जाण्याआधी हे सगळे नमपाय या पायथनच्या गणिती संग्रहात एकदा करून पाहावे. चार ओळींची मॅट्रिक्स घ्यावी, तीत दोन सह्यांनी गुणलेले दोन स्वतंत्र संकेत आणि थोडा नॉइज मिसळावा, आणि भारांक काढावेत. ४५° वर पूर्ण खाच पाडण्यासाठी समोरच्या संकेताच्या बाबतीत फक्त ०.३ डेसिबेल गमवावे लागतात, हे दिसेल. त्यानंतर उपद्रवी हळूहळू मध्याकडे आणावा. तो ५° वर आला की त्याच खाचेपायी १०.४ डेसिबेल जातात, म्हणजे हव्या असलेल्या संकेताची जवळजवळ नऊ-दशांश शक्ती हातची जाते. मुंबई-पुण्याचे दुखणे हेच आहे. त्याकडे शेवटी परत येऊ.

सामान आणि मांडणी

चार चॅनेलचा असा रिसीव्हर हवा, की ज्याचे सगळे चॅनेल एकाच घड्याळावर चालतात. संगणकाला जोडायचे स्वस्तातले चार वेगळे आरटीएल-एसडीआर रिसीव्हर घेऊन हे जमत नाही, कारण प्रत्येकाचे घड्याळ वेगळ्या चालीने सरकते आणि फेजचा अर्थच उरत नाही. पाच चॅनेलचा क्रॅकनएसडीआर या कामासाठीच बनवलेला आहे: त्याची सर्व चॅनेल एका घड्याळावर चालतात, आणि चॅनेलांमधला फरक मोजण्यासाठी आतच नॉइजचा स्रोत दिलेला आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दुसरा एखादा बहुचॅनेल रिसीव्हर असेल तर तोही चालेल.

अँटेना विकत घेण्याची गरज नाही. ॲल्युमिनियमच्या साधारण ७० बाय ४० सेंटिमीटरच्या पत्र्यावर रेडिओ-केबल जोडायची एसएमए जातीची चार सॉकेट १७.३ सेंटिमीटर अंतराने बसवून, प्रत्येकावर सुमारे ८.२ सेंटिमीटर उंचीची पितळी तार उभी सोल्डर केली की पाव तरंगलांबीचे चार अँटेना तयार होतात. सॉकेट, केबल आणि टर्मिनेशन लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत मिळतात. एसएमए आणि आरपी-एसएमए दिसायला सारखे असतात, तेव्हा मधली पिन पाहूनच पैसे द्यावेत.

गच्चीवर मांडणी करताना आजूबाजूच्या धातूकडे लक्ष द्यावे. लिफ्टच्या खोलीचा लोखंडी दरवाजा, टीव्हीच्या डिश, पाण्याच्या टाक्या, आणि एप्रिल-मे महिन्यांत सांडगे-कुरडया वाळत घातलेली स्टीलची ताटेसुद्धा लाटा परतवतात. हे सगळे हटवता येत नाही, आणि ताटे हटवू पाहिली तर प्रयोगाची परवानगीच धोक्यात येते. मात्र एक दिलासा आहे. संकेताची पट्टी १२५ किलोहर्ट्झइतकी अरुंद असताना जवळच्या भिंतीवरून आलेले प्रतिबिंब मूळ लाटेत मिसळून एकच सही तयार करते. प्रतिबिंबासाठी वेगळी खाच खर्ची पडत नाही. फक्त ती सही भूमितीने सांगितलेल्या सहीपेक्षा वेगळी असते, आणि त्याचे परिणाम पुढे भोगावे लागतात.

मुंबईतला दुसरा त्रास अधिक गंभीर आहे. ८६९ मेगाहर्ट्झच्या वर मोबाइल टॉवरांचे प्रसारण सुरू होते, आणि आपल्या शहरात समोरच्याच इमारतीवर टॉवर असण्याची शक्यता भरपूर. तीन मेगाहर्ट्झ शेजारी इतका मोठा आवाज असेल, तर आठ बिटचा रिसीव्हर आधीच भरून जातो. रिसीव्हर एकदा भरला, की तो जे देतो ते मूळ संकेतांची बेरीज राहत नाही, आणि कोणतेही भारांक त्यावर उपाय करू शकत नाहीत. म्हणून प्रत्येक अँटेनाच्या मागे ८६६ मेगाहर्ट्झच्या आसपासचेच संकेत पुढे जाऊ देणारा सॉ फिल्टर लावावा, गेन (रिसीव्हरमधले संकेताचे वर्धन) कमी ठेवावा, आणि आपोआप गेन बदलणारी सोय चारही चॅनेलांवर सक्तीने बंद करावी. ती चालू राहिली तर प्रत्येक चॅनेल आपल्या मर्जीने आयाम बदलतो आणि सह्यांचा पत्ता लागत नाही.

कॅलिब्रेशन

घाईत असलेले लोक हीच पायरी उरकतात, म्हणून तिच्यावर सावकाश लिहितो. रिसीव्हरमधला नॉइजचा स्रोत फक्त रिसीव्हरच्या आतले फरक मोजतो. त्याच्या बाहेरची केबल, फिल्टर, सॉकेट आणि अँटेना त्याला दिसत नाहीत. आरजी-५८ जातीच्या केबलमध्ये लाट हवेतल्या वेगाच्या सुमारे ६६ टक्के वेगाने जाते. म्हणजे ८६६ मेगाहर्ट्झला केबलमधली तरंगलांबी २२.८ सेंटिमीटर, आणि एक सेंटिमीटर केबल म्हणजे जवळजवळ १६° फेज. मोजपट्टीने केबल कापून त्या सारख्याच आहेत असे मानणाऱ्याने हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

मोजणी अशी करावी. एक लोरा मॉड्यूल लाकडी स्टुलावर ॲरेच्या बरोबर समोर दहा मीटरवर ठेवावे. प्लॅस्टिकची खुर्चीही चालेल, धातूची नको. मॉड्यूलची शक्ती १० मिलिवॉट किंवा त्याहून कमी ठेवावी. दोन सेकंदांचे रेकॉर्डिंग घेऊन १२५ किलोहर्ट्झच्या पट्टीपुरते गाळावे, पॅकेटांच्या मधली शांतता काढून टाकावी, आणि पहिल्या चॅनेलच्या तुलनेत बाकी तिघांचा आयाम आणि फेज काढावा. समोरून आलेल्या लाटेसाठी चारही फेज समान यायला हवेत. जो फरक दिसेल तो केबल आणि अँटेनांचा, आणि तो पुढच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमधून वजा करायचा. दहा मीटरवरून येणारी लाट पूर्ण सपाट नसते: टोकाच्या अँटेनांपर्यंतचा रस्ता मध्यापेक्षा ३.४ मिलिमीटर जास्त, म्हणजे ३.५° इतका असतो. तोही हिशेबात धरावा.

ही मोजणी दुपारी एकदा आणि सूर्य कलल्यावर एकदा करून पाहावी. चारपैकी एक केबल कठड्याच्या सावलीत आणि तीन उन्हात असतील, तर आकडे सरकलेले दिसतील. चारही केबल एकत्र बांधून पांढऱ्या कापडाखाली ठेवल्या की हा सरकाव बराच कमी होतो. उपग्रहावर हीच अडचण फार मोठ्या प्रमाणात असते, कारण तिथे सावलीतली आणि उन्हातली बाजू यांच्या तापमानात प्रचंड तफावत पडते. म्हणूनच मोठ्या ॲरेमध्ये कॅलिब्रेशन हे एकदा करून मोकळे व्हायचे काम नसते, ते सेवेबरोबर सतत चालू राहते.

मोजणीत किती चूक चालते, हे आधी ठरवलेले बरे. भारांक आधी काढून ठेवायचे असतील, तर १° फेजच्या चुकीने खाच साधारण ३५ डेसिबेलपर्यंत खोल जाते, आणि ५° चुकीने ती २१ डेसिबेलवरच अडते.

दोन रेकॉर्डिंग, एक बेरीज

दोन प्रेषक एकाच वेळी चालवून त्यांना वेगळे करण्याची घाई करू नये. आधी हव्या असलेल्या प्रेषकाचे एकट्याचे रेकॉर्डिंग घ्यावे, मग तो बंद करून ४५° वरच्या उपद्रवी प्रेषकाचे घ्यावे, आणि दोन्हींची बेरीज संगणकात करावी. रिसीव्हर भरलेला नसेल तर हवेतही हीच बेरीज झाली असती, त्यामुळे यात फसवणूक काही नाही. फायदा मात्र मोठा आहे: मिश्रणावरून काढलेले भारांक दोन्ही सुट्या रेकॉर्डिंगांना वेगवेगळे लावून पाहता येतात, आणि हवा असलेला संकेत किती उरला, उपद्रवी किती दबला, हे आकडे स्वच्छ मिळतात. शिवाय उपद्रवी किती जोरात आहे हे एका गुणकाने ठरवता येते. गच्चीवर पुन्हा जावे लागत नाही.

दोन प्रेषकांना वेगवेगळे स्प्रेडिंग फॅक्टर (लोरा संकेत वेळेत किती पसरवायचा ते ठरवणारे आकडे) द्यावेत, उदाहरणार्थ एकाला ७ आणि दुसऱ्याला १०, म्हणजे कोणाचे पॅकेट बाहेर आले हे शेवटी ओळखता येते. सगळे जुळल्यावरच एकदा दोघांना एकत्र चालवावे. तेव्हा रिसीव्हरची खरी कसोटी लागते.

भारांक काढणे, आणि आपलाच माणूस मारला जाणे

ॲरेला दोन प्रकारे सांगता येते की कोणाला वाचवायचे. एक म्हणजे दिशा सांगायची. पॉल हॉवेल्स यांनी रडारसाठी शोधलेल्या साइड-लोब, म्हणजे मुख्य बीमच्या बाजूने शिरणारे संकेत, रद्द करण्याच्या युक्तीतून पुढे सिडनी ॲपलबॉम यांनी १९६६ मध्ये जे गणित मांडले ते या वाटेचे. दुसरी वाट बर्नार्ड विड्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मांडली: हव्या असलेल्या संकेताचा नमुनाच ॲरेला द्यायचा, आणि बाहेर पडणारा संकेत त्या नमुन्याच्या जवळ जाईल अशा रीतीने भारांक थोडेथोडे सरकवत राहायचे. दळणवळण उपग्रहाला आपले सेवाक्षेत्र पृथ्वीवर कोठे आहे हे माहीत असते, त्यामुळे पहिली वाट त्याला सोयीची पडते. आपणही तिनेच जाऊ.

कृती थोडक्यात अशी. चार चॅनेलांच्या नमुन्यांवरून चार बाय चारची कोव्हेरिअन्स मॅट्रिक्स काढावी, म्हणजे प्रत्येक जोडीच्या गुणाकाराची सरासरी. तिची व्यस्त मॅट्रिक्स काढून तिला हव्या असलेल्या दिशेच्या सहीने गुणावे. जे चार आकडे मिळतात तेच भारांक. शेवटी त्यांना अशा संख्येने भागावे की समोरच्या दिशेचा गेन बरोबर १ यावा. नमुने किती हवेत, याचा जुना आणि उपयोगी अंदाज अँटेनांच्या संख्येच्या दुप्पट असा आहे; तेवढ्यात सरासरी तोटा ३ डेसिबेलच्या आसपास राहतो. आपल्याकडे हजारो नमुने असल्यामुळे ही चिंता नाही.

पहिल्या वेळी मॅट्रिक्स फक्त उपद्रवी रेकॉर्डिंगवरून काढावी. इथे एक गोष्ट मुद्दाम पाहण्यासारखी आहे. कॅलिब्रेशन अजिबात केलेले नसले, तरी उपद्रवी संकेत खोल दबतो. कारण उघड आहे: मॅट्रिक्स त्याच केबलमधून, त्याच चुकांसकट मोजलेली असते, त्यामुळे उपद्रव्याची खरी सही तिला परभारे कळते. मग कॅलिब्रेशनचा एवढा खटाटोप कशासाठी, असे वाटेल.

त्याचे उत्तर दुसऱ्या वेळी मिळते. आता मॅट्रिक्स मिश्रणावरून काढावी, म्हणजे हवा असलेला संकेतही तिच्यात येऊ द्यावा. माझ्या पहिल्या प्रयत्नात तिसऱ्या चॅनेलवर एक जादा ॲडॅप्टर विसरला गेला होता, सेंटिमीटरभर लांबीचा. उपद्रवी गेला, आणि त्याच्याबरोबर समोरचा संकेतही गेला. तास-दीड तास मी कोडमध्ये चूक शोधत होतो, आणि चूक माझ्या बोटाच्या पेराएवढी पितळेची होती. घडले ते असे: मी ॲरेला जी सही वाचवायला सांगितली होती, तिच्यात आणि खऱ्या सहीत तिसऱ्या चॅनेलवर सुमारे १६° फरक होता. ॲरेने सांगितलेली सही इमानाने वाचवली, आणि तिच्याशी तंतोतंत न जुळणारा जोरदार संकेत परका समजून कापून टाकला.

किती कापला जातो याचा हिशेब करता येतो, आणि तो धक्कादायक आहे. प्रत्येक अँटेनावर हवा असलेला संकेत नॉइजपेक्षा २० डेसिबेलने वर असेल, आणि चारपैकी एकाच चॅनेलमध्ये १६° चूक असेल, तर बाहेर पडणाऱ्या संकेताचे नॉइजशी असलेले गुणोत्तर जवळजवळ ३४ डेसिबेलने घसरते. तीच चूक ठेवून चारही भारांक समान ठेवले असते, तर तोटा ०.१ डेसिबेलपेक्षाही कमी झाला असता. आणखी गमतीचा भाग असा की हवा असलेला संकेत जितका बलवान, तितका तो अधिक कापला जातो. उपग्रह-दिशादर्शनाचे रिसीव्हर या बाबतीत नशीबवान असतात. त्यांना हवा असलेला संकेत नॉइजच्याही खाली असल्यामुळे मॅट्रिक्सला तो दिसतच नाही, आणि नुसती एकूण शक्ती कमीत कमी करा एवढ्या आज्ञेवर त्यांचे भागते. दळणवळण उपग्रहाकडे येणारा संकेत अनेकदा असा लपलेला नसतो.

यावर उपाय दोन. पहिला, मॅट्रिक्स काढताना आपला संकेत शांत असेल असे क्षण निवडायचे. वेळेच्या खणांत प्रसारण करणाऱ्या प्रणालीत असे रिकामे खण ठेवता येतात. दुसरा उपाय हाताशी नेहमीच असतो: मॅट्रिक्सच्या कर्णावरच्या प्रत्येक घटकात एक ठरावीक संख्या मिळवायची. ॲरेला वाटते की नॉइज आहे त्यापेक्षा जास्त आहे, आणि तो बारीकसारीक फरकांवरून कापाकापी करायचे थांबवतो. वरच्याच उदाहरणात नॉइजच्या शक्तीच्या दसपट संख्या मिळवली, तर ३४ डेसिबेलचा तोटा १३ वर येतो, आणि शंभरपट मिळवली तर १.३ वर. उपद्रवी नॉइजपेक्षा ४० डेसिबेलने वर असेल, तर एवढी भर घालूनही तो ५० डेसिबेलच्या आसपास दबतो. किती भर घालायची याचे पक्के सूत्र देण्यापेक्षा दहा, तीस, शंभर, तीनशे असे आकडे घालून दोन्ही रेकॉर्डिंगांवरचे परिणाम आलेखावर काढावेत असे मी सुचवीन. मधला सपाट भाग डोळ्यांना लगेच दिसतो.

एवढे झाल्यावर तो जादा ॲडॅप्टर मुद्दाम पुन्हा लावावा आणि सगळे आकडे परत घ्यावेत. चूक माहीत असताना तिचे रूप पाहिलेले असले, की पुढे ती नकळत झाली तरी ओळखू येते.

गच्चीवरून कक्षेत

चार अँटेनांनी जास्तीत जास्त तीन खाचा पडतात, कारण एक मोकळीक हव्या असलेल्या दिशेला बांधलेली असते. उपग्रहावर अँटेना जास्त असतात, पण हिशेब तोच राहतो. बदलते ती भूमिती. भूस्थिर कक्षेतून अख्खी पृथ्वी फक्त १७.४° रुंद दिसते. गच्चीवर अर्ध्या तरंगलांबीचे अंतर यासाठी पाळावे लागते, की एरवी बीमच्या हुबेहूब नकला, ज्यांना ग्रेटिंग लोब म्हणतात, दुसऱ्या दिशांना उभ्या राहतात. उपग्रहावर हे अंतर ३.३ तरंगलांब्यांपर्यंत वाढवता येते. नकला तेव्हाही पडतात, पण त्या पृथ्वीच्या बाहेर रिकाम्या अवकाशात पडतात, आणि तिथून उपद्रव द्यायला कोणी बसलेले नसते. त्यामुळे कमी अँटेनांत रुंद ॲरे उभा करता येतो.

रुंदी का हवी, याचे उत्तर मुंबई-पुण्याच्या ०.१८° मध्ये आहे. १४ गिगाहर्ट्झला तरंगलांबी २.१४ सेंटिमीटर असते, आणि दोन्ही शहरे स्वच्छ वेगळी दिसण्यासाठी सुमारे ७ मीटर रुंदी लागते. १.२ मीटर रुंदीतही पुण्यावर खाच पाडता येते, परंतु मग मुंबईला गच्चीवरच्या ५° च्या उदाहरणासारखेच साधारण १० डेसिबेल गमवावे लागतात. उपग्रह-फोनच्या १.६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तर तीच ७ मीटरची गरज सुमारे ६० मीटरवर जाते. म्हणूनच या पट्ट्यातले उपग्रह नुसता ॲरे न वापरता मोठ्या घडीच्या परावर्तकासमोर ॲरे बसवतात: इनमारसॅट-४ मालिकेत ९ मीटरचा परावर्तक आणि १२० घटकांचा ॲरे आहे, थुरायात १२.२५ मीटरचा परावर्तक आणि १२८ घटक. तेथेही मुंबई-पुणे वेगळे करणे त्यांच्या आवाक्याबाहेरच राहते. महाराष्ट्र आणि श्रीलंका वेगळे करणे मात्र आवाक्यात येते. लष्करी वापरात खाच पाडण्याची कला याहून जुनी आहे. अमेरिकेच्या डीएससीएस-३ मालिकेचा पहिला उपग्रह १९८२ मध्ये गेला, आणि त्याच्या ग्राहक अँटेनात ६१ बीमांचे भारांक बदलून जॅमर, म्हणजे मुद्दाम अडथळा आणणारा प्रेषक, दाबण्याची सोय होती.

भारांक कोठे काढायचे, हाही प्रश्न असतो. सगळ्या घटकांचे संकेत जमिनीवर पाठवून तिथे गणित केले तर उपग्रह हलका राहतो आणि पद्धत नंतरही सुधारता येते, पण संकेत खाली यायला ०.१२ सेकंद लागतो, आणि भारांक उपग्रहावर लागू करायचे असतील तर परत जायला आणखी तेवढाच. स्थिर उपद्रवासाठी हे पुरते. क्षणोक्षणी चालू-बंद होणाऱ्या जॅमरसाठी पुरत नाही. रुंद पट्टीचे संकेत असतील, तर एकाच फेजने भागत नाही, कारण पट्टीच्या दोन टोकांना खाच वेगवेगळ्या कोनांवर पडते. तिथे प्रत्येक चॅनेलमध्ये विलंबांची साखळी घालून किंवा पट्टीचे अरुंद तुकडे करून प्रत्येक तुकड्याचे भारांक स्वतंत्र काढावे लागतात.

पृथ्वीलगतच्या कक्षेतल्या उपग्रहाची तऱ्हा निराळी. ५५० किलोमीटर उंचीवर सेकंदाला ७.६ किलोमीटर वेगाने जाताना त्याला बरोबर खालचे ठिकाण सेकंदाला सुमारे ०.८° सरकताना दिसते. हा वेग गच्चीवर आणणे शक्य आहे. ४५° वर खाच पाडून भारांक तसेच गोठवावेत. मग उपद्रवी मॉड्यूल लाकडी काठीला बांधून कोणाला तरी हातात द्यावे, आणि दहा मीटर त्रिज्येच्या, खडूने आखलेल्या कमानीवरून मध्याकडे सेकंदाला १४ सेंटिमीटर इतक्या गतीने चालायला सांगावे. आपल्या गच्च्यांच्या चायना मोझॅकवर खडू नीट उमटत नाही, तेव्हा दोरी ठेवावी. चालणारा ८७ सेंटिमीटर चालून ४०° वर येईपर्यंत सहा सेकंद होतात, आणि तेवढ्यात खाच कमाल खोलीवरून सुमारे २९ डेसिबेलवर येते. तिथून पुढे दर सेकंदाला भारांक नव्याने काढायचे, मग दर दोन सेकंदांनी, मग दर पाचांनी, आणि प्रत्येक वेळी उपद्रव्याची किती पॅकेटे निसटून आली ती मोजायची. पावसाळ्याआधी हे उरकावे. ओल्या गच्चीवर सगळ्या सह्या बदलतात आणि कॅलिब्रेशन पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.